दोन चाकांमधली सळई

पहाटे साडेपाचलाच आम्ही गाडीखाली.
म्हणजे भाविका खाली, मी बाजूला:
चेसिसखाली माझं पोट मावत नाही
हे तिनं हसत आणि मी न हसता मान्य केलं.
आठ वाजले की शिरपुरात लोखंडाला हात लावता येत नाही,
चैत्रात पानासुद्धा चटका देतो.

पिकअप जुनी, फोर बाय फोर.
मागे हातपंपाचे पाइप, वॉशर, साखळी, ग्रीसचा डबा.
पंधरा वर्षं हिच्यातूनच सातपुड्यातले पाडे गाठतो,
जिथं पंप बंद पडला की
बाया नाल्यात झिरा खणतात
आणि माझी वाट बघतात, शिव्या देत.

"कसाले काढी राहिनी वं पोर?"
झुलालआप्पा कुंपणावरून, हातात दातण.
"कंपनीनी लायेल शे ना?"

भाविकानं तोंडातली बॅटरी काढली.
"आप्पा, ही सळई डाव्या चाकाला उजव्याशी बांधते.
डांबरावर बरं असतं ते, वळणावर गाडी झुकत नाही.
पण नाल्यात एक चाक खड्ड्यात गेलं
की ही दुसऱ्याला मोकळं सोडत नाही.
मग एक हवेत, नुसतं फिरत बसतं."
आप्पा थुंकले. "म्हंजे मी नि मना भाऊ."
आणि घरात गेले.

मी जॅक सरकवला तशी ती ओरडली,
"जॅक नको! दोन्ही चाकं जमिनीवर राहू द्या, सारख्या वजनावर.
एकच उचललं तर सळईत पीळ भरतो,
बोल्ट सुटला की हात मोडेल."
"आयटीआयत शिकवलं?"
"नाही. तुमच्या अंगठ्यावरून."
माझा डावा अंगठा
दहा वर्षं झाली, सरळ होत नाही.
मी तो खिशात घातला.

नटांना रात्रीच डिझेल पाजलं होतं.
उजवीकडचा सुटला, डावीकडचा हटेना;
नट फिरवला की आतला दांडाही त्याच्यासोबत फिरे.
तिनं ॲलन की खोचून दांडा धरला,
मी हातपंपाच्या पाइपाचा हातभर तुकडा
पान्यावर चढवला
आणि बसल्या बसल्या रेटला.
आधी काहीच नाही.
मग एक करकर, दाढ उपटल्यासारखी,
आणि गंजाचा भुगा तिच्या पापण्यांवर.

रबरी बुश निघाले, खारकेसारखे वाळलेले.
यू-क्लॅम्प निघाले.
सळई आली दोघांच्या हातात,
वाटली होती त्यापेक्षा हलकी.

बोल्ट तिनं श्रीखंडाच्या डब्यांत टाकले,
वर आईच्या नेलपॉलिशनं लिहिलं: डावे. उजवे.
"धुळ्याला जायचं असेल तेव्हा परत बसवू."
सळई भिंतीशी उभी केली.
दुपारी बघतो तर तिच्यावर
घरातली सगळी फडकी वाळत होती.

सोमवारी आंबापाड्याचा नाला.
पुढचं डावं चाक गुडघाभर खाली उतरलं,
उजवं दगडावर चढलं,
आणि चारही जमिनीला धरून.
मी श्वास रोखून स्टिअरिंग आवळलेलं,
ती खिडकीतून अर्धी बाहेर, चाकाकडे बघत:
"चालू द्या. चालू द्या. बघू नका इकडे."
पंपाचं काम वीस मिनिटांचं.
वॉशर बदललं, पाणी आलं,
कुणी आभार मानले नाहीत, हंडे लागले.

येताना डांबर लागलं.
दहिवदच्या अलीकडे, उजव्या वळणावर,
गाडी झुकली, म्हैस कूस बदलते तशी.
मी चाळीसवर आलो.
सीटवरचा जेवणाचा डबा
माझ्याकडून तिच्याकडे घसरत गेला.
तिनं तो मांडीवर घेऊन उघडला.
आत कळण्याची अर्धी भाकर होती.
मला विचारलं नाही. खाल्ली.